वानगी आणि छायाचित्र

धान्याच्या पेढीवर ज्याचा जन्म गेला त्याने हॉटेलांच्या व मंगल कार्यालयांच्या छायाचित्रांविषयी मत द्यावे, हे पुष्कळ वाचकांस विक्षिप्त वाटेल. "अण्णांनी ज्वारीचे भाव सोडून कॅमेरा केव्हा हाती घेतला?" असे रविवार पेठेतील एखादा स्नेही विचारीलही. कॅमेरा मी हाती घेतलेला नाही. परंतु ज्या वस्तूचा सौदा होतो तिचा नमुना कसा असावा, एवढ्यापुरते बोलण्याचा अधिकार चाळीस वर्षे पोती पारखणाऱ्या मनुष्यास असावा, असे मला वाटते. आणि सांप्रत सभागृहांचे सौदे छायाचित्रांवरच होत असल्यामुळे हा विषय आपल्या स्मरणिकेत अप्रस्तुत ठरू नये.

आपल्या समाजात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक पालट झाला आहे. ज्या घरांत धान्य, कापड, भुसार, किंवा निपाणीकडे तंबाखू, एवढेच व्यवसाय ठाऊक होते, त्या घरांतील मुले हॉटेल, लॉन व मंगल कार्यालय यांच्या धंद्यात शिरली आहेत. पुणे-बंगळूर हमरस्त्याने निपाणीहून बेळगावास येताना दुतर्फा ज्या इमारती दिसतात, त्यांतील काहींचे मालक ह्याच स्मरणिकेचे वाचक आहेत. इकडे गिऱ्हाइकाची रीतही पालटली. पूर्वी कार्य ठरले म्हणजे घरातील दोन वडील माणसे प्रत्यक्ष जागा पाहून येत. मुदपाकखाना कोठे, पाण्याची सोय कशी, पंगत किती बसेल, वृद्धांना पायऱ्या किती चढाव्या लागतील, हे डोळ्यांनी पाहून मगच विडा देत. आता मुलगी पुण्यास, मुलगा बंगळूरास, मामा कोल्हापुरास, आणि कार्य बेळगावास. फोनच्या पडद्यावर दहा चित्रे येतात, रात्री जेवणानंतर घरात चर्चा होते, आणि सकाळी आगाऊ रक्कम रवाना होते. जागेवर पाऊल पडते ते एकदम कार्याच्या दिवशी.

म्हणजे आपल्या धंद्यात जी वानगी, तेच ह्या धंद्यात छायाचित्र. दलाल कागदाच्या पुडीत मूठभर दाणे घेऊन येतो आणि त्या मुठीवर शंभर पोत्यांचा भाव ठरतो. ती मूठ कोठून काढली, ह्यावर सारा विश्वास अवलंबून असतो. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि पोटात किडका, ही लबाडी नवी नाही. तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. पन्हळीसारखी लोखंडी सळई पोत्यात बाजूने खुपसून वरचे, मधले व तळाचे दाणे एकत्र काढावयाचे. वानगी देणारा माल चाळून, पाखडून, खडे वेचून देतो, त्याला कोणी नाव ठेवीत नाही. कारण शंभर पोतीही तो तशीच चाळून देणार असतो. वानगी चाळलेली आणि पोती न चाळलेली असली म्हणजे मात्र पेठेत त्या माणसाची पत संपली.

हे सारे ठाऊक असून मी स्वतः फसलो, तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या घरच्या एका मुलीचा साखरपुडा होता, डिसेंबरच्या आरंभी. गाव आपल्या भागातीलच. गावाचे आणि मालकाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. भोजनगृहाचे जे छायाचित्र आले त्यात मेजांच्या रांगा दूरवर गेलेल्या होत्या, दिव्यांच्या माळा लखलखत होत्या, आणि समोरची भिंत कोठे आहे तेही दिसत नव्हते. "चारशे पाने आरामात" असा निरोप सोबत होता. चारशेच पाहुणे होते. आमच्या बाजूची निम्मी माणसे सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. म्हणून चारला पंगत मांडावी, एक पंगत, फार तर लहान दुसरी, आणि सहाच्या आत सर्व उरकावे, असा बेत होता. आपल्याकडे त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

जागेवर गेलो तेव्हा कळले की, समोरची भिंत दिसत नव्हती ह्याचे कारण ती सबंध आरशाची होती. छायाचित्रकाराने कोपऱ्यात उभे राहून, आपण स्वतः आरशात येणार नाही अशा बेताने चित्र घेतले होते, आणि निम्मे भोजनगृह प्रतिबिंबाचे होते! उरलेल्या निम्म्यात दोन जाडजूड खांब. सव्वाशे-एकशेतीस माणसे कशीबशी बसली. पहिली पंगत उठली, पुसणे-मांडणे झाले, दुसरी बसली. तिसरी मांडेपर्यंत पश्चिमेकडील खिडकी तांबूस झाली होती. पाहुण्यांना आधी बसवावे म्हणून घरची वडील माणसे मागे थांबली होती. त्यांत माझी थोरली बहीण होती. वय ऐंशीच्या पुढे. सूर्यास्तानंतर ती पाणीदेखील घेत नाही. ती मुकाट्याने उठून जपाची माळ घेऊन बसली. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "असू दे रे, एक रात्र ती काय." परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी घेतल्यावर, तिने मला विचारले, "जोंधळा घेताना पोत्यात हात घालतोस की तू! मग हितं का नाही घातलास?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आजही नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

आता ह्याच्या उलट बाजूचाही अनुभव सांगणे न्याय्य होईल, नाहीतर सुंदर छायाचित्रे हीच वाईट असा माझा ग्रह आहे असे वाटावयाचे. माझ्या एका भाच्याने निपाणीच्या अलीकडे कार्यालय बांधले आहे. उंच छत, दोन्ही बाजूंनी हवा, मुदपाकखान्यापासून पंगतीपर्यंत आडवा न येणारा रस्ता, आणि कंदमूळवर्जित स्वयंपाकासाठी वेगळी चूल व वेगळी भांडी. पहिली दोन वर्षे त्यास गिऱ्हाईक मिळेना. कारण त्याने नोकराकरवी फोनवर घेतलेली चित्रे पाठविली होती. त्यांत खुर्च्या एकावर एक रचलेल्या, भिंतीस टेकविलेली झाडणी, खिडक्या पांढऱ्याफटक आणि आतील सारे काळवंडलेले, खांब दारूड्यासारखे कललेले. चांगला शाळू मळक्या गोणपाटात भरून मांडावा, तसा तो प्रकार होता. वस्तू चांगली असता तिचे चित्र वाईट काढणे हेही एका परीने असत्यच. त्यात मालक स्वतःलाच फसवितो, एवढाच फरक.

पुढे कोल्हापूरहून एक जाणता छायाचित्रकार बोलाविला. तो दिवसभर तेथे होता आणि मीही कुतूहलाने बसून राहिलो. त्याने प्रथम तीन तास कॅमेरा पेटीतून काढलाच नाही. खुर्च्या दोरी लावून सरळ केल्या, मेजांवरचे कापड इस्त्री करविले, तारा, बादल्या, अग्निशामक नळकांड्याखालचा कचरा, जुनी दिनदर्शिका, सारे दूर केले. नंतर दिव्यांकडे वळला. आपण जिला पांढरी म्हणतो त्या नळीचा प्रकाश बहुधा ६५०० केल्विनचा, निळसर. पिवळ्या दिव्याचा २७०० ते ३०००, तांबूस. आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ह्या दोहोंच्या मधला, दुपारी साधारण ५५०० चा. तिन्ही एकत्र आले म्हणजे डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. एकाच भिंतीवर तीन रंगांचे डाग उठतात. म्हणून त्याने नळ्या विझविल्या. कॅमेरा तिवईवर छातीच्या उंचीस, साधारण साडेचार फुटांवर ठेवला आणि पाण्याची पातळी पाहावी तसा समपातळीत आणला. कॅमेरा वर किंवा खाली झुकला की खांब कलतात, एवढेच त्या दारूड्या खांबांचे रहस्य! खिडकीबाहेरचे ऊन आणि आतील सावली ह्यांत फार अंतर असल्यामुळे त्याने एकाच जागेवरून कमीअधिक उजेडाची पाच चित्रे घेतली आणि नंतर ती संगणकावर एकत्र केली.

ह्या शेवटच्या गोष्टीवर मी हरकत घेतली. पाचांचे एक करणे ही भेसळ नव्हे काय? त्याने दिलेले उत्तर मला पटले. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथं उभे आहात, तुम्हाला खिडकीबाहेरचं झाड दिसतं का? दिसतं. आतली रांगोळी दिसते का? तीही दिसते. मग चित्रात दोन्ही दिसायला हवीत." डोळा जे पाहतो त्याच्या जवळ जाण्यासाठी केलेली खटपट म्हणजे चाळणे व पाखडणे होय. तेथे उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या डोळ्यास जे कदापि दिसणार नाही ते चित्रात आणणे, ही भेसळ.

भिंगाचीही अशीच कथा आहे. डोळ्याच्या दृष्टीशी मिळतेजुळते समजले जाणारे ५० मिलिमीटरचे भिंग आडव्या रेषेत सुमारे ४० अंशांचा पट्टा घेते; २४ चे भिंग ७४ अंशांचा, आणि १६ चे ९७ अंशांचा. हल्लीच्या कित्येक फोनवर '०.५' असा आकडा दाबला की याहूनही रुंद दृश्य येते. लहान खोलीत रुंद भिंगावाचून गत्यंतर नाही, हे मला मान्य आहे. परंतु ते भिंग जवळचे फुगविते आणि दूरचे अधिक दूर ढकलते. साठ फुटांचे दालन शंभर फुटांचे भासते. आमच्या छायाचित्रकाराने २४ च्या पलीकडे जावयाचे नाकारले. जे एका चित्रात मावेना त्याची दोन चित्रे घेतली.

छायाचित्रकलेचा प्रश्न निघाला म्हणून एक स्मरण करून द्यावेसे वाटते. भव्य दालनांची छायाचित्रे घेण्याच्या कलेत हिंदुस्थानात ज्यांनी प्रथम मोठे नाव मिळविले त्यांत अग्रगण्य असे राजा दीनदयाळ हे जैन कुळातील होते. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुडकीस स्थापत्याचे शिक्षण घेऊन इंदूरच्या बांधकाम खात्यात ते नोकरीस लागले, आणि पुढे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ साली त्यांनी मुंबईसही चित्रशाळा उघडली. हैदराबादेतील फलकनुमा राजवाड्याच्या दालनांची त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर घेतलेली छायाचित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. रेषा सरळ, खांब ताठ. स्थापत्य शिकलेल्या माणसाचा डोळा त्यात दिसतो. मंद प्रकाशाच्या दालनात काच दीर्घकाळ उघडी ठेवावी लागे, तेव्हा घाईला वावच नव्हता. त्या राजवाड्यात १०१ पाहुणे बसतील असे एक लांबलचक भोजनाचे मेज आहे. २०१० पासून तो राजवाडा हॉटेल झाला आहे. दीनदयाळांनी चित्रे काढली ती धन्याचे वैभव दाखविण्यासाठी; निजामांचे पाहुणे पैसे मोजून येत नसत, म्हणून चित्र थोडे अधिक देखणे झाले तरी कोणाची पंगत हुकत नव्हती. आज त्याच दालनाचे चित्र पाहून कोणी तरी आगाऊ रक्कम पाठवितो. ज्या क्षणी चित्रावर पैसे मोजले जातात, त्या क्षणी ते वैभवाचे चित्र राहत नाही, वानगी होते, आणि वानगीचे सारे नियम त्यास लागू होतात.

हे नियम आपणांस परके नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या जोडीने 'प्रतिरूपकव्यवहार' हा एक आहे. चांगल्या वस्तूसारखी दिसणारी हलकी वस्तू तिच्या जागी खपविणे, असा त्याचा अर्थ. तुपात चरबी, केशरात करडईच्या पाकळ्या, ही पाठशाळेत ऐकलेली उदाहरणे. आरशाच्या भिंतीने दुप्पट केलेले भोजनगृह हे त्याच जातीचे, असे मी म्हणतो. त्यात तर 'प्रतिरूप' शब्दशः आहे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रिकाम्या खोलीत झुंबरे टांगता येतात, लॉनवर गवत उगवविता येते, मागच्या बाजूचा विजेचा खांब नाहीसा करता येतो. एका मिनिटाचे काम. ते मोहाचे आहे हे मी जाणतो.

विरोधी कायद्याचे भय दाखविणे मला आवडत नाही, तरी माहितीसाठी लिहितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणारी जाहिरात थांबविण्याचा आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणास आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाली बारीक अक्षरांत खुलासा छापून वरची दिशाभूल धुऊन निघत नाही. तेव्हा 'चित्र केवळ प्रतीकात्मक' ह्या तीन शब्दांवर ज्यांची भिस्त आहे त्यांनी ती सोडावी.

एका गोष्टीकडे मात्र कायद्याचे लक्ष जाणार नाही. ती आपल्या समाजानेच पाहावयाची आहे. सभागृहांची बहुतेक चित्रे रात्री घेतात. दिव्यांच्या माळा रात्रीच शोभतात, बाहेरून इमारतीचे चित्र घ्यावयाचे तर सूर्य मावळल्यानंतरची निळसर वेळ उत्तम, हे त्या कलेच्या दृष्टीने खरे आहे. परंतु आपली कार्ये दिवसा, आपले भोजन दिवसा. जे भोजनगृह रात्री झगमगते ते दुपारी चार वाजता दिवे न लावता कसे दिसते? खिडक्या आहेत की नाहीत? पश्चिमेचे ऊन पानावर येते काय? हे आपल्या गिऱ्हाइकास हवे असते आणि हेच कोणी दाखवीत नाही. लॉनचेही तसेच. बेळगावचा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात, कोणतेही लॉन पाचूसारखे दिसते. लग्न मात्र एप्रिल-मेमध्ये, जेव्हा तेच गवत वाळून पिवळे पडलेले असते. चित्राखाली महिना छापावयास किती शाई लागते?

चित्रांत माणसेही असावीत. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली आपल्या गावी जे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची शताब्दी २०२४ साली झाली. 'विजयनगर' नावाने उभारलेली ती नगरी अधिवेशनाबरोबरच उठली. टिळकवाडीतील विहीर उरली, आणि काही छायाचित्रे. त्या चित्रांत माणसे आहेत, म्हणून आज शंभर वर्षांनंतरही जागेचा अदमास येतो. हल्लीच्या सभागृहांच्या चित्रांत चिटपाखरू नसते. कारण उघड आहे: माणूस हे चित्रातील माप होय, आणि माप काढून घेतले की माल वाटेल तेवढा भासविता येतो.

आपल्या सभासदांपैकी ज्यांची कार्यालये आहेत त्यांच्याशी मी ह्याविषयी बोललो. एकाने स्पष्ट सांगितले, "अण्णा, शेजारचा रुंद भिंगाने काढतो, मी सरळ काढले तर माझे दालन त्याच्यापुढे खुराडे दिसेल." त्याचे म्हणणे खोटे नाही. एकट्याने खरेपणा करणाऱ्यास पहिल्या हंगामात तोटा होतो, हे भाच्याच्या निमित्ताने मीही पाहिले आहे. परंतु पेठेतही पूर्वी हीच तक्रार होती. कडता व नमुना यांविषयी एकेकट्याने नियम पाळून भागत नव्हते; सर्वांनी मिळून ठरविल्यावरच ते पाळले गेले. म्हणून हे काम एका मालकाचे नव्हे, संघाचे आहे.

माझी सूचना अशी की, जे सभासद आपल्या सभागृहाची चित्रे संघाच्या यादीत देऊ इच्छितात त्यांनी एक चित्र रिकाम्या दालनाचे आणि एक भरल्या पंगतीचे द्यावे. त्याखाली लांबी-रुंदी फुटांत, एका वेळी बसणारी पाने, आणि चित्र घेतल्याचा महिना व वेळ लिहावी. निदान एक चित्र दुपारचे, दिवे विझवून घेतलेले असावे. मुदपाकखान्याचे आणि पायऱ्यांचे चित्र दिल्यास फारच उत्तम. संघाच्या दोन वृद्ध सभासदांनी जागेवर जाऊन ती चित्रे ताडून पाहावीत. पोत्यात सळई घालण्याचे काम आम्हांस नवे नाही आणि दुकान आता मुलांनी सांभाळल्यामुळे वेळही आहे.

भाच्याच्या कार्यालयाची नवी चित्रे येत्या हंगामात घ्यावयाची आहेत. दिवस अजून नक्की नाही, वेळ नक्की आहे: दुपारी चार, पंगत बसलेली असताना. पहिल्या रांगेत आक्काने बसावे अशी माझी इच्छा आहे. तिला विचारले तेव्हा तिने कबूल केले, मात्र छायाचित्रकाराने पहिले पान वाढून झाल्यावर फार वेळ घेऊ नये अशी अट घातली. सूचनेचा मसुदा चिटणिसांकडे लेखी दिला आहे. वार्षिक सभेपुढे तो येईल तेव्हा कार्यालये असणाऱ्या सभासदांनी आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडाव्यात.